अर्धा तास तहकूब

३ जानेवारी २०१९, गुरुवार

कारखान्याची डायरी आली. आमच्या संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव यांनी जीप थांबवून स्वतः हातात दिली. दरवर्षी देतात. पुढं उसाच्या जातींची यादी, मागं पावसाची नोंद करायचा तक्ता. गेल्या सालचा तक्ता कोराच राहिला, लिहायला काही पडलंच न्हाई. आजवर या डायऱ्या सुंदरबाई (आमचं कुटुंब) चूल पेटवायला वापरत आली. यंदा म्हणलं आपण लिहायचं. सव्वीस वर्षं संस्थेचं इतिवृत्त लिहिलं, एक वर्ष आपलं लिहू.

तर मी उत्तरेश्वर, सचिव, श्रमसाफल्य ऊसतोड कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित. गावाबाहेर माळावर त्रेचाळीस घरं सभासदांची आणि एक नंबरचं आमचं. सभासद ऊस तोडतात. चेअरमनसाहेब तोडत न्हाईत, पण त्यांना तोडणाऱ्यांचा लई कळवळा, म्हणून पहिल्यापासून तेच चेअरमन.

परवा अठ्ठावीस डिसेंबरला वार्षिक सभा झाली. खरं म्हणजे ती सप्टेंबरात घ्यायची असते. पण चेअरमनसाहेबांना पावसाळ्यात सर्दी होते (पाऊस नसला तरी होते), म्हणून आम्ही मुदतवाढ घेऊन दरवर्षी डिसेंबरात घेतो. तोवर सभासद दसरा झाला की टोळ्या करून सांगली-कोल्हापूरकडं गेलेले असतात. मग गणपूर्ती होत न्हाई. गणपूर्ती न्हाई झाली तर कायद्यानं सभा अर्धा तास तहकूब करायची. अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच विषयांवर परत घ्यायची. मग गणपूर्तीची गरज राहत न्हाई. जे हजर असतील त्यांनी केलेलं सगळ्यांना बंधनकारक. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघं चहा-चिवडा घेतो आणि मग सगळे ठराव सर्वानुमते मंजूर करतो. विषय चेअरमनसाहेब लिहूनच आणतात, माझा ताप वाचतो.

दुसऱ्या संस्थांचे सचिव घरबसल्या शंभर सह्या ठोकतात. मी गैरहजर माणसाला आजवर हजर लिहिलेलं न्हाई. एकदाही न्हाई. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

७ जानेवारी, सोमवार

डोकं फिरलंय. नगरपंचायतीत विकास आराखड्याचा मसुदा लोकांना बघायला लावलाय. ज्याला पटत न्हाई त्यानं मुदतीत लेखी हरकत द्यायची, मग नियोजन समितीपुढं जाहीर सुनावणी. मी सहज गेलतो. नकाशा भिंतीएवढा. माळ हुडकला तर माळावर निळा गोळा. गोळ्यात लिहिलंय: आरक्षण क्रमांक १४, नौकाविहार केंद्र व बालोद्यान.

नौकाविहार! म्हणजे होड्या! इथं आठवड्यातून दोनदा टँकर येतो, त्यालासुद्धा धक्का मारून माळावर चढवावं लागतं. मी कारकुनाला विचारलं, "पाणी?" तो म्हणाला, "पाणी दुसऱ्या टप्प्यात आहे."

आणि आमच्या घराच्या जागी एक बारका चौकोन. त्यात काय लिहावं? "तिकीट खिडकी." सव्वीस वर्षं सचिव असलेला माणूस तिकीट खिडकीत राहतो होय?

बाकीच्या त्रेचाळीस घरांवर शेरा आहे, "बांधकामे वापरात नाहीत." याचं कारण मला ठाऊक आहे. मागच्या साली जानेवारीतच मोजणीवाले आलते. आमच्याकडं ऊसतोडीला जाताना दाराला बोरीची काटी लावून जातात, म्हणजे कुत्री-शेळ्या आत शिरत न्हाईत. काटी म्हणजे आमी येणार हाय, कुणी हात लावू नका. मोजणीवाल्यांना ते ओसाड वाटलं. मागं राहिलेली म्हातारी माणसं होती, पण ती नेमकी रोडवर टँकरची वाट बघत. साहेब जीपमधून न उतरताच लिहून गेले.

नकाशाचं काम मात्र सुबक. रोडला लागून चेअरमनसाहेबांची मोसंबीची बाग आहे, तिथं आधी काहीतरी निळं होतं, त्यावर पांढरी शाई लावून इतकं सफाईनं खोडलंय की बोट फिरवल्याशिवाय कळत न्हाई.

घरी येऊन सांगितलं. सुंदरबाई म्हणाली, "तिकीट कुणाला इकायचं? टँकरवाल्याला?"

८ जानेवारी, मंगळवार

चेअरमनसाहेबांकडं गेलतो. या दुष्काळात त्यांची बाग तेवढी हिरवीगार. माणूस कष्टाळू आहे. त्यांना आराखड्याचं ऐकून फार वाईट वाटलं, दोनदा "अरेरे" म्हणाले. मग म्हणाले, "हे बघ उत्तरेश्वर, भांडण करू नको बे. कागदानं लढ. तुझी सव्वीस वर्षांची इतिवृत्तं हायेत ना? ती समितीपुढं ठेव. तुझ्यासारखी खरी दप्तरं सगळ्या जिल्ह्यात न्हाईत. तीच पुरावा."

माझा ऊर भरून आला. सुंदरबाईला सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली. "त्यांनी सांगितलं? मग तर अजाबात देऊ नका."

बायकांना सहकार कळत न्हाई.

९ जानेवारी, बुधवार

हरकत लिहिली. सात पानं. साडेसहा पानं तिकीट खिडकीवर झाली. शेवटी त्रेचाळीस सभासदांची नावं जोडली. कारकून म्हणाला, एवढी नावं आहेत तर त्रेचाळीस वेगळ्या हरकती धरू. मला बरं वाटलं, वजन पडेल.

११ जानेवारी, शुक्रवार

आसारामचा फोन. घर नंबर सतराचा सभासद, साखराबाईचा लेक. ऊसतोडीला गेलाय, कोल्हापूरकडं. मागनं कोयत्याचे आवाज येत होते. म्हणाला, "भाऊ, आमचं घर जाणार म्हणत्यात, खरं हाय का?" मी म्हणलं, मी हरकत घेतलीये, काळजी करू नको.

"काळजी कशी न करू? पोरीचं लगीन ठरलंय. वैशाखात मांडव दारात घालायचा हाय. गेल्या साली पोटाला चिमटा घेऊन घरावर सलाप टाकला त्यो होड्या धुवायला व्हय?"

मी त्याला माझ्या साडेसहा पानांबद्दल सांगणार होतो, पण मुकादम ओरडला आणि त्यानं फोन ठेवला. दिवसभर करमलं न्हाई. तिकीट खिडकीवर जरा जास्तच लिहिलं गेलं काय.

१९ जानेवारी, शनिवार

सुनावणीच्या नोटिसा आल्या. बारा फेब्रुवारी, सकाळी अकरा. "हरकतदाराने व्यक्तिशः हजर राहावे. गैरहजर राहिल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल." शिपाई त्रेचाळीस दारांवर खळ लावून चिकटवून गेला. खळ गव्हाच्या पिठाची. दुपारपर्यंत शेळ्यांनी सगळ्या खाल्ल्या. साखराबाईच्या एकट्या शेळीनं नऊ.

मी पळत कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "खाल्ल्या म्हणजे पोहोचल्या. बजावणी पूर्ण." रजिस्टरात तसं लिहिलंसुद्धा.

२ फेब्रुवारी, शनिवार

टँकर आला न्हाई.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आज आला. सुंदरबाईचं भांडण झालं म्हाळूशी. म्हाळू म्हणजे घर नंबर नऊमधला म्हातारा, ऐकू येत न्हाई, त्यामुळं भांडण एकतर्फीच झालं.

सगळ्या टोळ्यांना फोन केले. सुनावणीला कुणीच येऊ शकत न्हाई. एका माणसानं कोयता खाली ठेवला तर टोळीचा गाडा अडतो, मुकादम सोडत न्हाई. मी कचेरीत विचारलं, सुनावणी पाडव्यानंतर घ्या, सगळे परत येतील. तर म्हणे, आराखडा लोकांच्या सोयीसाठी आहे, लोकांसाठी थांबवता येत नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

मी धोतर-कोट घालून सव्वीस इतिवृत्तं पोत्यात भरून नेली. सुंदरबाई आणि साखराबाई बोलावलं नसताना मागनं आल्या. चेअरमनसाहेब पहिल्या रांगेत. समिती पाच जणांची, हजर दोघं: अध्यक्ष आणि नगररचना खात्याचा रचना सहायक. रचना सहायक तरणा आहे, कोकणातला, सारखा बाटलीतलं पाणी पितो आणि पिताना आपल्याकडं बघून ओशाळतो. मी गणपूर्तीचं विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "आम्ही अर्धा तास थांबलोय." नियमानं चालणारी माणसं बघून मला समाधान वाटलं.

पहिली हरकत माझी. मी बोललो, वीस मिनिटं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि निकाल दिला: हरकत अंशतः मान्य, तिकीट खिडकी पाच मीटर पूर्वेला सरकवण्यात येईल. मला इतका आनंद झाला की मी वळून सुंदरबाईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

मग पुकारा सुरू झाला. "हरकत क्रमांक दोन, हजर?" कुणी न्हाई. "हरकत नाही." "क्रमांक तीन, हजर?" "हरकत नाही." असं त्रेचाळीस वेळा. आसारामचं नाव आलं तेव्हा साखराबाई उठली. "मी हाय की. त्याची माय हाय." अध्यक्ष म्हणाले, "आजी, हरकत तुमच्या नावावर नाही." ती म्हणाली, "घरात तर मीच राहती." ते म्हणाले, "ते घर वापरात नाही." म्हातारी स्वतःच्या हाताकडं बघत उभी राहिली. "मग मी कुठं राहती, सायेब?"

तेव्हा मला राहवलं न्हाई. मी पोतं उलटं केलं. म्हणलं, साहेब, हा बघा पुरावा, सव्वीस वर्षांचा, यात एक अक्षर खोटं न्हाई. अध्यक्षांनी एक वही उघडली, मग दुसरी, मग तिसरी. मोठ्यानं वाचलं, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब." सगळ्या वह्यांत तेच. त्यांनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. संस्थेच्या स्वतःच्या दप्तरावरून असे दिसते की, गेली सव्वीस वर्षे सदर जागी एकही सभासद आढळलेला नाही."

चेअरमनसाहेबांनी दुःखानं मान हलवली. मी खाली बसलो.

सुंदरबाई उठली. आयुष्यात ती कधी सभेत बोलली न्हाई. म्हणाली, "सायेब, कागदात कावून बघताय? माळ अर्ध्या कोसावर हाय. एकडाव येऊन बघा तरी." अध्यक्ष नको म्हणणार होते, पण रचना सहायक पुढं वाकून काहीतरी बोलला. ठरलं: बावीस तारखेला अकरा वाजता तो येऊन स्थळपाहणी करणार. जेवढी घरं वापरात सापडतील तेवढीच वापरात धरणार.

१३ फेब्रुवारी, बुधवार

जेवलो न्हाई. माझ्या खरेपणानं त्रेचाळीस घरं पुसली. एका वर्षी जरी खोट्या सह्या ठोकल्या असत्या तर आज आसारामचं घर शाबूत असतं. सुंदरबाईला तसं म्हणलं. ती म्हणाली, "खोट्या सह्या नसत्या लागल्या. सप्टेंबरात सभा घेतली असती तरी भागलं असतं." मी म्हणलं, चेअरमनसाहेबांना सर्दी होते. ती लई वेळ माझ्याकडं बघत राहिली.

२० फेब्रुवारी, बुधवार

आमच्या घरात बायकांचं काहीतरी खलबत चाललंय. मी आत गेलो की गप्प होतात. साखराबाईनं मला मोजायला लावलं: माळावर मागं राहिलेली माणसं अकरा. घरं त्रेचाळीस. मी भागाकार करून दाखवला, एकाला चार घरं येतात, एक घर कमी पडतं. साखराबाई म्हणाली, "म्हाळूला घरं कमी द्या, त्याचं गुडघं दुखत्यात."

मला काय समजायचं ते समजलं. मी म्हणलं, हे मला चालणार न्हाई, मी सही करणार न्हाई. सुंदरबाई म्हणाली, "तुमी गप कोट घालून हुबं राहा."

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी उठलो तर माळावर सगळ्या बंद दारांच्या काट्या काढलेल्या आणि त्रेचाळीस घरांतनं धूर. कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून ठेवल्या होत्या प्रत्येक चुलीत. मी डोळे पुसले. धुरानंच. पण दसऱ्यानंतर माळावर इतका धूर मी या सव्वीस वर्षांत बघितला नव्हता.

दारादारात गोधडी वाळत. चपला कमी पडल्या म्हणून एकेक पायातली एकेका दारात. म्हाळू आपली बाज डोक्यावर घेऊन या दारातनं त्या दारात चाललेला.

अकराला रचना सहायक आला, चेअरमनसाहेबांच्याच जीपमधून. चेअरमनसाहेब म्हणाले, "मी नुसता सोबतीला." पाहणी सुरू. घर नंबर दोन: चंद्रभागाबाई चुलीपुढं, शेळी दाराला. लिहिलं, वापरात. नंबर तीन: साखराबाई, तांबडं लुगडं. वापरात. नंबर चार: म्हाळू बाजेवर, चिलीम. वापरात. आम्ही पुढं निघालो की मागनं धावपळीचा आवाज यायचा, मी मोठ्यानं खोकायचो. हे मी कावून केलं ते मला सांगता येत न्हाई.

नऊ नंबरला परत म्हाळू. साहेब थबकला. म्हाळूला ऐकू येत न्हाई, त्यानं नुसतं हसून हात जोडले. बाराला साखराबाई, हिरवं लुगडं, धापा टाकत. "आजी, तुम्ही मगाशी तीन नंबरला..." "ती माझी जाऊ." सतराला परत साखराबाई, लुगडं हिरवंच, बदलायला सवड मिळाली न्हाई. साहेब म्हणाला, "आणि तुम्ही?" ती म्हणाली, "मी साखराबाई. हे खरंच माझं घर हाय." आणि तिनं त्याच्या हातात चहाचा कप दिला. एव्हाना त्याचे पाच चहा झाले होते. सहाव्या घरात त्यानं विचारलं होतं, एवढं पाणी कुठनं आणता? तेव्हापासून तो कप पूर्ण संपवत होता, एक घोटसुद्धा टाकत नव्हता.

एकविसाव्या घरी शेळीनं त्याला ओळखलं. तीच शेळी, सातव्यांदा.

तो वही मिटून लिंबाखाली आला. चेअरमनसाहेब मोठ्यानं हसले. "बघा सायेब, तमाशा! अकरा टाळकी हायेत सगळी." सगळ्या म्हाताऱ्या जिथल्या तिथं उभ्या. रचना सहायक माझ्याकडं वळला. "सचिव, तुम्ही खोटं लिहीत नाही हे मी तुमच्या वह्यांत बघितलंय. तुम्ही सांगा. इथे किती माणसं हजर आहेत?"

सुंदरबाईनं डोळे मिटले. आसारामचा सलाप समोर दिसत होता. मला एकदा वाटलं, म्हणावं एकशे बारा. जीभ वळली न्हाई. मी म्हणलं, "अकरा."

कुणीतरी सुस्कारा सोडला. चेअरमनसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास बे." ती थाप मला आवडली न्हाई. पहिल्यांदाच आवडली न्हाई. आणि तोंडातनं जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं, सव्वीस वर्षांची सवय बोलली:

"अकरा. म्हणजे गणपूर्ती न्हाई. सबब ही पाहणी अर्धा तास तहकूब."

साहेब म्हणाला, "काय?"

मी कोटाच्या खिशातनं आमच्या संस्थेच्या सभेची छापील नोटीस काढली आणि खालची ओळ वाचून दाखवली. अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच विषयावर. गणपूर्तीची गरज राहणार न्हाई. जे हजर असतील त्यांनी केलेलं सगळ्यांना बंधनकारक. मी म्हणलं, "साहेब, सव्वीस वर्षं आम्ही दोन माणसं बसून त्रेचाळीस घरांचं ठरवत आलो. ते कायदेशीर. बारा तारखेला तुम्ही दोघं बसून पाच जणांची समिती झालात. तेही कायदेशीर. मग हे तर अकरा हायेत. अर्ध्या तासानं हे अकरा म्हणजेच सगळे. न्हाई म्हणायचं असेल तर आधी आमचे सव्वीस वर्षांचे ठराव रद्द करा आणि मग बारा तारखेची सुनावणी."

चेअरमनसाहेब म्हणाले, "येडा झाला का बे तू?" पण साहेबानं हात वर करून त्यांना थांबवलं. घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं. आणि तो लिंबाच्या बुंध्याला टेकून खाली बसला.

म्हाळूनं आपली बाज आणून साहेबाला बसायला दिली. चुली एकेक विझत गेल्या, पऱ्हाट्या संपल्या होत्या. वीस मिनिटांनी चेअरमनसाहेब जीपमध्ये बसून निघून गेले. बारा चाळीसला साहेब उठला, कपडे झटकले आणि लिहिलं. मी वाकून बघितलं: "त्रेचाळीस घरे वापरात. हजर रहिवासी: सर्व." पंच म्हणून मी सही केली. त्यात एक अक्षर खोटं न्हाई.

जाताना तो नगरपंचायतीपर्यंत पायी गेला, जीप गेली होती ना.

२३ फेब्रुवारी, शनिवार

म्हाळू दिवसभर झोपून. साखराबाई शेळीचे पाय चेपत होती.

१८ मार्च, सोमवार

पत्र आलं. "आरक्षण क्रमांक १४ माळावरून वगळण्यात येत असून मूळ जागी पूर्ववत कायम करण्यात येत आहे." मूळ जागी म्हणजे कुठं ते मला समजेना. पत्र सुंदरबाईला वाचून दाखवलं तर तिला लगेच समजलं. ती मोसंबीच्या बागेकडं बघून पदरात तोंड घालून इतकी हसली की मला पाणी द्यावं लागलं.

खाली आणखी एक ओळ आहे. हरकत क्रमांक एक अंशतः मान्य झालेली असल्यानं तिकीट खिडकी मात्र पाच मीटर पूर्वेला कायम राहील. म्हणजे आता माळावर, आमच्या अंगणात, नुसतीच तिकीट खिडकी. याच्यावर हरकत घ्यायची मुदत संपली.

आसारामला फोन केला. तो रडला. मी पण.

६ एप्रिल, शनिवार, गुढीपाडवा

टोळ्या परवा परत आल्या. यंदा उसालाच पाणी न्हाई, कारखाने लवकर बंद झाले. दारोदार गुढ्या. सभासदांनी मागणी केली म्हणून आज विशेष सभा, लिंबाखाली, दहा वाजता.

हजेरीची वही उघडली तर पानावर दोनच सह्यांपुरत्या रेघा. मीच आखत आलो होतो तशा. पट्टी घेऊन नव्या रेघा आखायला बसलो. त्रेचाळीस आखून होईस्तोवर सगळे येऊन बसले होते. पुकारा केला. "आसाराम?" "हजर!" "हजर!" "हजर!" मधेच माझा आवाज बसला, पुढची नावं सुंदरबाईनं पुकारली. चेअरमनसाहेब आले न्हाईत, सर्दी झाल्याचा निरोप आला.

सभा दहाला सुरू झाली. अर्धा तास कुणालाच थांबावं लागलं न्हाई.

आसाराम म्हणाला, "भाऊ, आमच्या नावानं सव्वीस वर्षं काय काय ठरलं ते वाचून तर दाखवा." मी आनंदानं वाचायला घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे, वाचताना अडत न्हाई. वाचत वाचत २००९ सालावर आलो. ठराव क्रमांक सात: संस्थेच्या जागेतील बोअरचे पाणी लगतच्या फळबागेस कायम वापरण्यास देण्यात यावे. सर्वानुमते मंजूर.

वाचून मी पुढचं पान उलटणार होतो. हात थांबला. समोर साखराबाई बसली होती. आठवड्यातून दोनदा टँकरच्या रांगेत उभी राहणारी.

आसारामनं विचारलं, "हे आमी कवा ठरवलं?"

मी म्हणलं, "सर्वानुमते." ते शब्द तोंडातनं निघाल्यावर मला पहिल्यांदा ऐकू आले. चिवडा आठवला. त्या साली चेअरमनसाहेबांनी त्यात काजू घालून आणलते. दहा वर्षं मी त्या हिरव्या बागेकडं बघून म्हणायचो, माणूस कष्टाळू आहे. त्रेचाळीस घरांत मी एकटा गाढव होतो. मी वही मिटली, शिक्का वहीवर ठेवला आणि म्हणलं, दुसरा सचिव बघा.

मग साखराबाई उठली, शिक्का उचलून परत माझ्या हातात दिला. "बस खाली, उत्तरेश्वरा. अक्षर चांगलं हाय तुझं. आता फक्त आमच्यापुढं बसून लिही."

मी लिहिलं. ठराव क्रमांक एक: सन २००९ चा ठराव क्रमांक सात रद्द. हजर त्रेचाळीस. अनुकूल त्रेचाळीस.

दुपारी पोरांनी बागेकडचा पाइप काढून माळाकडं वळवला. संध्याकाळी आमच्या अंगणात नळ सुरू झाला, बरोबर पाच मीटर पूर्वेला. म्हाताऱ्या हंडे घेऊन रांगेला लागल्या. सगळ्यांत पुढं साखराबाई. मला बघून ओरडली, "सचिव, तिकीट काढावं लागतंय का रे?"